शुक्रवारची शपथ

अराद, बहरीन
१३ एप्रिल १९९६

प्रिय सीमाताई,
सप्रेम जयभीम वि. वि.

पत्र उभ्याने वाचू नका, आधी बसा. तुमच्या आईंना झालंय काय, मला कळेनासं झालंय!

समोरच्या रशीदा सिस्टर नायजेरियाच्या. सुट्टीहून येताना त्यांनी तिकडच्या नाटकाच्या कॅसेट आणल्या. गोष्ट त्यांनीच सांगितली. एक राणी असते. म्हातारेकोतारेसुद्धा तिच्यापुढे लोटांगण घालतात, आणि तीच लपूनछपून एका गुप्त मंडळाची सभासद! सत्ता टिकवायची तर मंडळाला पोटचा मुलगा द्यायचा. आईंना त्यातलं अक्षर कळत नाही, तरी दर शुक्रवारी, हे शिफ्टला गेले की, चार बायका जमवून टीव्ही मोठ्याने लावतात.

काल मी ड्यूटीवरून लवकर आले, तर दाराला आतून कडी. खिडकीतून पाहते तो आई मधे उभ्या आणि बाकीच्या हात पुढे करून शपथ घेताहेत, नवऱ्यालाही सांगणार नाही म्हणून! रोज ताटभर भातही नाहीसा होतो. त्या राणीच्या मंडळात भाताचा नैवेद्य असतो हो! ह्यांना सांगू का?

लोभ असू द्या, आणि उत्तर लगेच धाडा.
तुमची श्रावस्ती

नागपूर
२७ एप्रिल १९९६

सौ. श्रावस्तीस,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र वाचता वाचता गॅसवरचं दूध उतू गेलं. आई आणि नैवेद्य? गल्लीतल्या दारांवरचं लिंबू-मिरची ओढून गटारात टाकणारी बाई ती! बावीस प्रतिज्ञा आम्हा भावंडांकडून तिने घोकून घेतल्या. महिला मंडळात तिने नुसता चष्मा काढला तरी बायका गप्प बसत. राणीच होती, पण उघड उघड. लपवाछपवी तिला कधी जमली नाही, म्हणूनच जीव खालीवर होतोय.

उज्ज्वलला तूर्त सांगू नकोस. माझा भाऊ आधी चिडेल, मग विचारेल. तू सरळ कडी वाजव. आई माझी असली तरी घर तुझं आहे.

जपून राहा, आमच्यावरची माया आटू देऊ नकोस.
सीमाताई

अराद
१८ मे १९९६

प्रिय सीमाताई,
सप्रेम जयभीम वि. वि.

कडी वाजवली आणि आत गेले. नैवेद्य कसला! आईंच्या पलंगामागे एक मुलगी भात खात होती. शेवंता, चंद्रपूरकडची. घरकामाला आलेली. मालकिणीने तिच्या हातावर इस्त्री ठेवली, तेव्हा पळाली. आम्ही ड्यूटीवर असताना ती आईंच्या खोलीत, रात्री त्या बायकांपैकी कुणाकडे तरी. पासपोर्ट त्यांच्याच कपाटात. तिचं रडणं बाहेर जाऊ नये म्हणून टीव्ही मोठा, आणि ती सुटेपर्यंत तोंड उघडायचं नाही एवढीच शपथ.

आणि मालक कोण? ह्यांचेच मॅनेजर! आमचा व्हिसा, नोकरी, हे घर, सगळं त्यांच्या एका सहीवर. मी आईंना म्हटलं, की तुम्ही तुमच्या मुलालाच पणाला लावलंत. त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, की राणीने सत्तेपायी मुलगा दिला, माझा गेला तर निदान कुणाच्या तरी लेकीसाठी जाईल. मी चिडले, खूप रडले. मग मीही हात पुढे केला.

एम्बसीने पासपोर्टऐवजी परतीचे कागद करून दिले. पण मॅनेजरना कसं कोण जाणे, कळलंच. काल ह्यांना नोकरी संपल्याचं सांगितलं. ह्यांनी आईंना विचारलं, आईंनी खरं ते सांगितलं. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. हे एवढंच म्हणाले, की शेवंताला विमानतळावर मीच सोडणार. आईंना मी पहिल्यांदा रडताना पाहिलं. खाली गाडी चालू आहे, म्हणून घाईत लिहिते.

महिनाभरात आम्हीही बोऱ्याबिस्तरा घेऊन येतोय. हे पत्र मी पोस्टात टाकत नाहीये. ज्या मुलीने ते तुम्हाला आणून दिलं, तिला दारात उभी ठेवू नका. हाताचं काही विचारू नका. आधी पोटभर भात वाढा.

माया करा, आता जवळूनच.
तुमची श्रावस्ती