दुसऱ्या साक्षीदाराची जागा

मी, धरणेंद्र आदगोंडा मगदूम, वय वर्षे बावन्न, धर्म जैन, धंदा हळदीची अडत, राहणार सांगली, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणावाचून, पूर्ण शुद्धीत आणि सकाळचे दूध घेऊन झाल्यावर लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी लेखी दिले आहे. छातीबद्दल तसे लिहून द्यायला ते तयार नाहीत. माझा दम टिकत नाही, असे ते नळी लावून म्हणतात. हेच मत गुंडा सावंत याने तीन वर्षांपूर्वी नळी न लावता दिले होते. त्याचा खुलासा पुढे येईल.

माझी सर्व मिळकत स्वकष्टार्जित आहे. वडिलार्जित म्हणावे असे माझ्याकडे नाक तेवढे आहे. मूलबाळ नाही, त्यामुळे ते पुढे कोणाला द्यायचे हा प्रश्न येत नाही.

कलम १. राहते घर, भांडीकुंडी आणि बँकेतील शिल्लक पत्नी सौ. राजमती हिला मिळावी. किल्ल्या लग्नापासून तिच्याच कमरेला असल्याने या कलमाने घरात काही बदल होईल असे वाटत नाही. हे वाचून दाखविल्यावर ती म्हणाली, "माझंच मला देताय व्हय? बरं, द्या."

कलम २. अडतीची पेढी, तराजू, वजने आणि पोत्यात खुपसून आतला माल बघायची पोकळ सळई पुतण्या चि. धन्यकुमार यास द्यावी. सळई चांगली आहे. माणसांवर चालत नाही, हे त्याला अनुभवाने कळेल. पेढीवर बसून लोकांना हसू नये एवढीच अट.

कलम ३. माझा बाजाराचा पंचा आकाराम शिंपी यास द्यावा. आमच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. पंच्याखाली हात घालायचा, एकमेकांची बोटे दाबायची आणि आकडा ठरवायचा, अशी रीत आहे. वीस वर्षे लोकांनी माझा हात धरला तो त्या पंच्याखाली, भावासाठी. उघड्यावर, काही न मागता, माझी तंगडी धरणारा पहिला माणूस आकाराम. म्हणून पंचा त्याला. त्याने तो कापून लंगोट शिवले तरी हरकत नाही.

तंगडी का धरली, हे इथेच नोंदवितो. चाळिशीनंतर माणसाला व्याही मिळतात, शेजारी मिळतात, मूळव्याध मिळते. मित्र मिळत नाही, असे माझे ठाम मत होते. त्रेचाळिसाव्या वर्षी वैद्यांनी पोट कमी करण्यासाठी रोज चालायला सांगितले, म्हणून हरिपूरच्या रस्त्याने जात होतो. नदीकाठच्या माझ्याच पडीक तुकड्यात काही बाप्ये मला न विचारता हुतुतू खेळत होते. हाकलावे म्हणून उभा राहिलो. त्यांतला एक, पहिल्या महायुद्धात बसऱ्याला जाऊन आलेला पेन्शनर नाईक, ओरडला, "शेट, हुबं ऱ्हाऊन काय बघताय? एक गडी कमी हाय. धोतर खोचा आन् या." तो गुंडा सावंत. मी गेलो. का गेलो, ते मला आजही सांगता येत नाही. पहिल्याच चढाईत आकारामने तंगडी धरून पाडले. घरी आलो तेव्हा कोपर सोलले होते. राजमती म्हणाली, "चाळिशीत माती खाताय, उद्या पाळण्यात झोपाल."

त्यानंतर सहा वर्षे मी रोज गेलो. माणसे सगळी माझ्या धंद्याबाहेरची. हळदीचा भाव कोणी विचारला नाही, त्यामुळे सुरुवातीला बोलायला विषय सापडेना. आम्हा जैनांना दिवस मावळण्याआधी जेवावे लागते. मी ते कोणाला सांगितले नव्हते. आठवडाभरात गुंडाने कुठून तरी ते काढले. डाव कितीही रंगात असो, सूर्य नदीपलीकडच्या झाडांना टेकला की तो मधल्या रेघेवर जाऊन उभा राही आणि म्हणे, "मोडा रं डाव. शेटचं जेवान चुकतंय." सगळे कुरकुरत. डाव मात्र मोडे. माझ्या सख्ख्या भावाच्या घरचे लग्नाचे जेवण दिवेलागणीनंतर होते, हे या ठिकाणी नमूद करतो.

कलम ४. सदर तुकडा, हरिपूर रस्ता ते नदी, नदीकाठ हुतुतू मंडळास खेळण्यासाठी कायम द्यावा. गुळाचा भाव चढल्यापासून चि. धन्यकुमारचा त्या जमिनीवर डोळा आहे. तो म्हणतो, "काका, म्हातारी माणसं लोळायला एवढी मळीची, उसाची जमीन?" होय. तेवढ्यासाठीच. पुरानंतर दरवर्षी गाळ ओढून, खडे वेचून ती सपाट करणाऱ्यांत तो एकदाही नव्हता.

कलम ५. गुंडा केरबा सावंत यास या मृत्युपत्रान्वये काहीही मिळू नये.

याचे कारण दोन भागांत आहे. पहिला भाग सर्व मंडळास माहीत आहे. तीन वर्षांपूर्वी मिरजेच्या संघाशी शेवटचा सामना. शेवटची चढाई माझी. मी दोघांना हात लावून, तोंडाने हुतुतू चालू ठेवून, मधल्या रेघेवर परत आलो. पंचांनी गडी बाद दिले. लोकांनी टोप्या उडविल्या. तेवढ्यात माझ्याच संघातला गुंडा पुढे आला आणि पंचांना म्हणाला, "न्हाई. शेटचा दम रेघंला पोचायच्या आदीच मोडला. म्या ऐकलं." निर्णय फिरला. आम्ही हरलो. मी सर्वांसमोर म्हणालो, "तोफांनी कान गेलेल्या माणसाने दुसऱ्याचा दम ऐकू नये."  गुंडा फेटा उचलून गेला, तो परत आलेला नाही. मंडळ अजून खेळते. मी छातीमुळे कडेला बसतो. सूर्य झाडांना टेकला की आता कोणाच्या लक्षात येत नाही, मीच उठतो.

माझा दम मोडला नव्हता. हे मी मृत्युपत्रात लिहीत आहे, यावरून काय ते समजावे.

दुसरा भाग असा. हंबीरराव वकिलांनी सांगितले की मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, दोघांनी मला सही करताना बघावे लागते, आणि ज्याला काही मिळणार आहे अशाला साक्षीदार करू नये. मी हंबीररावांना पुन्हा विचारले, "ज्याला काहीच मिळणार नाही, तो चालेल?" ते म्हणाले, "तोच उत्तम." म्हणून गुंडाला काही ठेवलेले नाही. दुसऱ्या साक्षीदाराची जागा त्याच्यासाठी आहे आणि तिथे दुसऱ्या कोणाची सही मी घेणार नाही. तो आला नाही तर हा कागद रद्दी. मग नाव राजमतीचे लागले तरी कारभार आपसूक पुतण्याकडे जाईल आणि मैदानात आडसाली ऊस उभा राहील. हंबीरराव याला मूर्खपणा म्हणतात. त्यांनी फी घेतलेली असल्यामुळे त्यांचे मत इथे नोंदविले आहे.

साक्षीदार म्हणून मला असा माणूस हवा, की जो स्वतःच्या संघाच्या बाजूनेसुद्धा खोटे बोलणार नाही. तसा एकच माहीत आहे. निरोप आकारामबरोबर पाठविला आहे.

हे मृत्युपत्र मी वाचले, समजले आणि खाली सही केली.

मुक्काम सांगली, तारीख ८ डिसेंबर १९४६.

धरणेंद्र आदगोंडा मगदूम

साक्षीदार १ : हंबीरराव जाधव, वकील, सांगली. माझ्यासमक्ष सही झाली.

साक्षीदार २ : गुंडा केरबा सावंत, पेन्शनर नाईक, राहणार हरिपूर. शेटनी माझ्या म्होरं सही केली, ती म्या बघितली. सगळं वाचलं. कलम पाच मान्य न्हाई : दम मोडला हुता. माझा गेलेला कान डावा हाय, आन् शेट उजव्या अंगाला हुते. बाकी मान्य. अजून लिवलं असतं, पन दिवस बुडाय लागलाय आन् शेटचं जेवान व्हायचं हाय.