हलकं झालेलं विमान

पाटस, रविवार, नोव्हेंबर २००३

आज सलग तिसऱ्या रविवारी आप्पांना हरवलं, आणि आनंद व्हायच्या ऐवजी संशयच आला. आप्पा हवाई दलात विमानं दुरुस्त करायचे, आता दौंडला एकटेच राहतात. त्यांच्या घरी दोन कॉम्प्युटर केबलने जोडून आम्ही विमानांची लढाई खेळतो. वर्षभर मीच हरत आलो. मग आता माझं विमान एवढ्याशा जागेत वळतं कसं? खरं विमान असं वळतच नाही.

ते चहा टाकायला उठले तेव्हा मी माझ्या विमानाची फाइल उघडली. वजन, इंजिनाची ताकद, पंखांचं माप, सगळे आकडे आम्ही दोघांनी पुस्तकात बघून भरलेले. वजन बरंच कमी केलेलं होतं. म्हणून ते वळण! असा राग आला. मला काय लहान पोर समजतात?

"आप्पा, हे तुम्ही केलं?"

कप ठेवत म्हणाले, "व्हय. मागच्या महिन्यात तू म्हणालास, आता येणं अवघड हाय. मला वाटलं, हरून हरून कटाळला."

मी साखर कारखान्यात कामाला; हंगाम सुरू होतोय, सुट्ट्या कमी मिळतील म्हणून बोललो होतो!

वजन पहिल्याइतकं केलं, पुन्हा खेळलो आणि लगेच पडलो. निघताना सांगितलं, "हंगामातही येईन, सुट्टी मिळेल तेव्हा."

आप्पांनी मान हलवली. पण त्यांना ते खरं वाटलेलं दिसलं नाही.