काच धुण्याआधी

२ जानेवारी
आले एकदाची! खोली चौथ्या मजल्यावर, एक खिडकी, एक खाट, आणि गिझर असा की आधी त्याच्या विनवण्या कराव्या लागतात. प्रयोगशाळा मात्र झकास. काचेच्या पट्टीवर पॉलिमरची केसाहूनही पातळ फिल्म चढवायची, तापवायची, व्होल्टेज लावून थंड करायची आणि मग ती विजेने किती आकसते ते लेसरने मोजायचं, हे माझं काम. इथे मी एकटीच. आधीचे संशोधक आजारी पडून बहिणीकडे गेलेत, असं स्टोअरवाले काका म्हणाले.

५ जानेवारी
आधीच्यांची एक फिल्म यंत्रातच राहिली होती. वायरी काढलेल्या, तरी लेसरचं माप दाखवणारी पडद्यावरची रेघ मिनिटाला अठ्ठावीस वेळा हलत होती. शेजारच्या पंपाची थरथर असणार. मला पसारा खपत नाही. आत्या म्हणते, ही पाहुणी म्हणून गेली तरी तिथलं टेबल पुसून येते. काच ॲसिटोनमध्ये बुडवून फिल्म विरघळवली, नळाखाली धुतली आणि अकराच्या सुमारास चकचकीत करून ठेवली.

६ जानेवारी
आधीचे संशोधक काल गेले. सकाळी अकराला, चहा पिता पिता श्वासच थांबला म्हणे. डॉक्टरांनाही काही कळलं नाही. फार वाईट वाटलं. कधी भेटले नाही, पण बसते त्यांच्याच खुर्चीवर. खोलीवर येऊन कुणाला सांगावं तर कुणी नाही. आत्याचा फोन रविवारी.

११ जानेवारी
त्याच काचेवर माझी पहिली फिल्म! थंड होईपर्यंत चार तास शेजारी बसून होते. तिच्याशी बोलले, लाज कसली? आठवडाभरात कुणाशी धड दहा वाक्यं झाली नव्हती. एक धूळकण दिसला, तो फुंकर मारून उडवला. थंड होताना फिल्म जे धरते ते सोडत नाही, यावरच तर हे सगळं काम चालतं.

१२ जानेवारी
वायरी जोडण्याआधीच रेघ हलतेय. पंप बंद केला, तरी हलतेय. मिनिटाला बत्तीस. सहज माझे श्वास मोजले. सोळा. घेताना एकदा, सोडताना एकदा. खरं सांगते, भीती नाही वाटली. बरं वाटलं. इथे कुणीतरी माझ्या सोबतीला आहे.

१५ जानेवारी
नाक दाबलं, तोंड मिटलं. रेघ थांबली नाही. आणि माझी छाती — दाबून धरली तरी रेघेबरोबर वर-खाली होत राहिली. संध्याकाळी चार मजले धावत चढले. धाप लागली नाही. सोळा. सोळाच.

१६ जानेवारी
अठ्ठावीस. म्हणजे चौदा श्वास. पंपाचे नव्हतेच ते. अकरा वाजता मी ते धुतले. मीच.

१८ जानेवारी
खात्री करायला व्होल्टेज वाढवलं. फिल्म आकसली. छाती आवळली, हात बटणापर्यंत पोचेना —
दवाखान्यात जाग आली. स्टोअरवाल्या काकांनी येऊन बटण बंद केलं म्हणे. उशाशी आत्या.

२१ जानेवारी
आत्याच्या घरी आहे. घर भरलेलं आहे, सगळे विचारतात बरी आहेस ना. सांगू कुणाला? काच तिथेच राहिली. यंत्रात. एकटी.

२३ जानेवारी
स्टोअरवाल्या काकांना फोन लावला. माझ्या जागी आज नवी मुलगी आलीय म्हणाले. फार टापटिपीची, आल्या आल्या जुन्या काचा गोळा केल्यात. मी ओरडले, यंत्रातली काच राहू द्या! काका म्हणाले डोकं शांत ठेव पोरी, सांगतो तिला. फोन हातात घेऊनच सांगायला गेलेत. फोन कानाशी धरून लिहितेय — कुणाला हे सापडलं तर — काकांची पावलं किती सावकाश — आत नळ सुरू झाला — काका, पळा ना — ती का