दुधात कुस्करलेला पाव

आई,

माझ्या पोटाचं दुखणं सापडलं. सीलिअ‍ॅक म्हणतात. आतड्यांना गहू सोसत नाही, त्यामुळे पाव-बिस्किटं जन्मभर बंद. एवढं फोनवर सांगितलंच. "बेकरीवाल्याची पोर आणि गहू चालत नाही, लोक काय म्हणतील," असं तू म्हणालीस, मीही हसले.

पुढचं मात्र गिळलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात आणखी कुणाला? हे रक्ताच्या नात्यात असू शकतं." मला भट्टीसमोर उभे असलेले बाबा दिसले. काडीसारखे झालेले, पट्ट्याला दरवर्षी नवं भोक पाडणारे. आणि तू, सगळ्यात मऊ पाव बाजूला काढून त्यांच्यासाठी दुधात कुस्करणारी. "पोटाला हलका पडतो," म्हणायचीस. ते कण्हत का होईना, वाटी पुसून खायचे, तुला बरं वाटावं म्हणून.

त्यांना हेच होतं का, ते आता कळायचं नाही. पण त्यांचा विषय निघाला की तू म्हणतेस, "शेवटपर्यंत माझ्या हातचं खाऊन गेले, तेवढंच समाधान."

म्हणून हे पत्र माझ्याकडेच राहील. रविवारी येते, माझ्यापुरता भात टाक. तू ते वाक्य म्हणशील, तेव्हा मी नेहमीसारखी मान डोलावीन.

तुझीच,
थोरली