महालक्ष्म्यांचा कापूस

श्रावण व. ११, सोमवार
नात ऋजुता बँकेतून आली ती शस्त्रक्रियेची वार्ता घेऊन. स्तन वाढवून घ्यायचे आहेत. सत्ताविसाव्या वर्षी, धडधाकट असता, स्वेच्छेने सुरीखाली! आईबाप भिलाईस; त्यांस ठाऊक नाही. "उद्या क्लिनिकमध्ये चल न, आजी. मम्मीले नको सांगू." जिच्याकडून लहानपणी स्तोत्रे मुखोद्गत करून घेतली, तिची ही बुद्धी. येते म्हटले. शत्रूचे शिबिर डोळ्यांनी पाहिलेले बरे.

श्रावण व. १२, मंगळवार
नव्या राज्याची राजधानी झाल्यापासून या गावात काचेच्या इमारतींचे पीक. त्यांतलेच हे क्लिनिक. भिंतीवर स्त्रियांची आधी-नंतरची छायाचित्रे, सगळी मानेखालची. छिन्नमस्तांची रांग. देवीने निदान आपले शिर आपल्या हाती धरले होते. यांची कुठे ठेवली, कोण जाणे. एक नटवी पोरगी सिलिकॉनचा गोळा दाबून दाखवीत होती. "माताजी, छूके देखिए. एकदम नॅचरल. लाइफटाइम का है."
"कोणाच्या लाइफचा? हिच्या, की गोळ्याच्या?"
हसली. गोळा दुसऱ्या बाईपुढे धरला.
डॉक्टर आला, मापे घेऊन गेला. शिंपीदेखील याहून अधिक थबकतो. धोक्याविषयी अवाक्षर नाही. तारीख मात्र तयार. महालक्ष्म्या उठल्यावर, सोमवारी होय-नाही कळवायचे.
रिक्षात ऋ.: "तुले सगळेच वाईट दिसतात." हो. दिसतात.

श्रावण व. १४, गुरुवार
माझ्या हट्टाने सरकारी रुग्णालयातील सर्जनबाईंकडे. खुर्ची डगमगती, पण बाई शास्त्र जाणणारी. गोळे जन्मभराचे नव्हेत. पुढे काढावे वा बदलावे लागू शकतात. शरीर त्यांभोवती आवरण विणते. काहींचे ते आवळून कठीण होते, दुखते. आत फाटले तरी बाहेरून कळेलच असे नाही, म्हणून अधूनमधून तपासणी. संवेदना उणावू शकते. अंगावर पाजताना अडचण येऊ शकते, प्रत्येकीस नव्हे. खरबरीत पृष्ठभागाच्या गोळ्यांशी निगडित एक विरळ कर्करोगही आहे.
"कौनसा इम्प्लांट है, लिखवाके लेना. सर्जन की डिग्री देखना. और किसके लिए करवा रही हो?"
"मेरे लिए."
"तो जल्दी किस बात की?"
वाटले, सुटलो दोघी. घरी येताच ऋ. म्हणते, "आता समजूनच करीन." ज्ञान दिले की अविवेक जातो, हा आम्हा वाचणाऱ्यांचा जुना भ्रम.

भाद्रपद शु. ६, गुरुवार
महालक्ष्म्या बसविल्या. ऋ. ज्येष्ठेच्या कापडी धडाला चोळी घालून आत कापूस भरीत होती. मी सुनावले, "परमेश्वराने घडविलेल्या देहात भर घालणारी तू कोण?"
तिचा हात थांबला. "लहान होती तेव्हापासून तू मले सांगून राहिली, 'भर अजून, चोळी सैल दिसते, देवी वाळकी दिसते.' देवीले चालते, मले काहून नाही?"
मूर्ती आणि देह यांतील भेद सविस्तर विशद केला. अधिष्ठान, उपाधी, उपचार. विवेचनात दोष नव्हता. तिने ऐकून घेतले, आणि ज्येष्ठेतला कापूस उपसून काढला.
"मग हिलेही राहू दे. जशी आहे तशी."
धाकटी आधीच भरून झाली होती.

भाद्रपद शु. ७, शुक्रवार
पूजा, सोळा भाज्या, आंबील. संध्याकाळी हळदीकुंकू. पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बाया देवीपुढे वाकल्या आणि दृष्टी थेट चोळीवर. शेजारची कमलाबाई: "काहो काकू, यंदा थोरली वाळली काय? डायटिंग करून राहिली काय?" फिदीफिदी. दुसरी, "नजर लागली असन." मुखवट्याकडे एकीचेही लक्ष नाही. दोन्ही मुखवटे मी पहाटे चिंचेने घासले होते.
मग कमलाबाईची दृष्टी तबक धरलेल्या ऋ.कडे वळली. "पोट्टीही थोरलीवरच गेली वाट्टे. फळीवानी." सगळ्या हसल्या. ऋ.ही हसली, खांदे पुढे घेऊन, तबक छातीशी उंच धरून. शाळेत असल्यापासून ती अशीच उभी राहते. मला वाटे, विनय आहे.
"कमलाबाई, देवीचे तोंड वर आहे," मी म्हटले. "तिथे पाहावयाचे नसेल तर चपला बाहेर आहेत."
प्रसाद न घेता गेली. जाऊ दे.

भाद्रपद शु. ८, शनिवार
उत्तरपूजा. मुखवटे उतरवून पुसले. ऋ.ने कनिष्ठेतला कापूस काढला, ज्येष्ठेच्या कापसात मिळवून गाठोडे बांधले. "हा पुढच्या वर्षासाठी ठेवू, आजी?"
पुसलेलाच मुखवटा मी पुन्हा पुसला.
"परवा फोन करायचा आहे. ऑपरेशन झालं तर सोबत घरचं माणूस पाहिजे म्हणतात. येशील?"
"म्हणजे ठरविलेस?"
"तू येशील का, ते सांग पहिले."
त्या क्लिनिकविषयी माझे मत तिळमात्र बदललेले नाही, असे तिला सांगितले.
"हव, मालूम आहे," म्हणाली. "ते नाही विचारलं."
मुखवटे पेटीत गेले, धडे माळ्यावर. गाठोडे अजून देवघराच्या उंबऱ्यात.