सुरी न लावलेले पुस्तक

सर, पुन्हा लढाई चालू आहे आणि कागद मिळत नाही, म्हणून हे रेल्वेच्या जुन्या फॉर्मच्या कोऱ्या बाजूला लिहितो आहे. तुम्हाला चालले नसते. तुम्ही आमच्या वह्यांना समास सोडायला लावत होतात. नोकरी संपून आता दोन महिने झाले. दुपार मोठी असते. तुम्ही इंग्रजी सहावीच्या वर्गात म्हणाला होतात, "नोकरीपुरतं इंग्रजी तुम्हाला येईलच, ते मी देतोच आहे. नोकरी सुटल्यावर घरी बसून काय वाचाल, ते मला सांगा." तेव्हा आम्ही सोळा-सतरा वर्षांचे होतो. नोकरी लागायच्या आधीच ती सुटल्यावर काय, हा प्रश्न ऐकून मागच्या बाकावर हसू फुटले होते.

शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधी तुम्ही पाठ्यपुस्तक मिटून स्वतःचे एखादे पुस्तक वाचून दाखवायचात. चष्मा कपाळावर, पुस्तक नाकाशी. गमतीची जागा आली की आधी एकटेच हसायचात. मग आमच्याकडे बघायचात, आणि आम्हाला समजावून सांगता सांगता तुमचे हसू संपून जायचे. हे मला अजून दिसते. आम्ही घरी अहिराणी बोलणारी, शाळेत मराठी शिकलेली मुले. तिसरी भाषा तुम्ही नुसती शिकवत नव्हतात, तिच्यात आम्ही तुमच्या शेजारी येऊन बसावे असे तुम्हाला वाटत होते. वर्षाला एक तरी मुलगा तसा निघावा, एवढेच म्हणायचात. त्या वर्षी तुम्ही तो मला धरलेत.

दिवाळीच्या सुट्टीआधी मुंबईहून तुमचे पार्सल आले. तुम्ही सुतळी न कापता गाठ सोडवलीत, तिची गुंडाळी करून फडताळात ठेवलीत, आणि ते कोरे पुस्तक माझ्या हातात दिलेत. कॉलेजात असताना वाचले होते, तेव्हापासून आपली प्रत हवी होती, असे म्हणालात. "पण या प्रतीचा पहिला वाचक तू." मी ते धोतराच्या पानात बांधून गावी, रनाळ्याला नेले.

घरी उघडले तर पहिली काही पाने सुटी होती आणि पुढे दोन-दोन पाने वरून किंवा बाजूने जोडलेली. असे पुस्तक मी पाहिले नव्हते. आमच्याकडे कागदाला पाय लागला तरी हात जोडतात. वडिलांना दाखवले तर ते घाबरले. "मास्तरनं पुस्तक शे ते. त्याले सुरी लावशी?" म्हणाले. मग मी मळ्यात, वाळत घातलेल्या मिरचीला राखण बसून, जोडलेली पाने बोटांनी फुगवून उजेडाकडे धरायचो आणि आत डोकावून वाचायचो. एक ओळ, मग मान वळवून दुसरी. मिरचीने डोळ्यांना पाणी येई. आई बायांबरोबर ढीग परतत होती, तिने बघितले आणि विचारले, "बादली पडनी का रे कुवामा?" सगळ्या बाया हसल्या. पण सर, मी वाचले. खाडीच्या तोंडाशी नाव चालवणारा तो म्हातारा, बोटीवर निघून गेलेल्या भावाची त्याने पाहिलेली वाट. खाडी मी पाहिली नव्हती, म्हणून मनात तापीच धरून चाललो. फक्त शेवटची घडी इतकी घट्ट होती की आतले काहीच दिसेना.

सुट्टीनंतर तुमच्या घरी आलो. तुम्ही मला खुर्चीवर बसवलेत, त्याआधी कधी बसवले नव्हते. विचारलेत, सगळे वाचलेस? मी हो म्हणालो. "शेवटी भाऊ करतो ते बरोबर वाटलं का तुला?" मी पुन्हा हो म्हणालो. "काय करतो?" मी पुस्तक मेजावर ठेवले. तुम्ही पुस्तक हातात घेतलेत आणि जोडलेल्या कडांवरून अंगठा फिरवलात. मग मेजावरची लाकडी पट्टी उचललीत, आणि तेव्हा मला समजले की ती पट्टी नव्हती, पाने कापायची सुरी होती. इतके दिवस मी ती रेघा मारायची समजत होतो. तुम्ही ती पुन्हा खाली ठेवलीत. "वाचलं नसतं तरी चाललं असतं," तुम्ही म्हणालात. "वाचलं म्हणायला नको होतं."

तेव्हा सांगता आले असते. एक वाक्य पुरले असते, की सर, पाने कापायची असतात हे मला ठाऊक नव्हते. पण स्वयंपाकघराच्या दारात तुमच्या पत्नी उभ्या होत्या, आणि मला वाटले, खेडवळ ठरण्यापेक्षा खोटा ठरलेला बरा. म्हणून खाली मान घालून उठलो. त्यानंतर वर्गात तुम्ही मला कधी टोचून बोलला नाहीत. प्रश्न विचारायचात, पण पाठ्यपुस्तकातलेच. पुढच्या वर्षीच्या मुलांकडून ऐकले की आता सर नवीन पुस्तकाची पाने आधी स्वतः कापतात, मग देतात. तुम्हाला खरे ते उमगले होते, की आमच्यावरचा विश्वास गेला होता, हे मी पुष्कळदा मनात उलटून पाहिले आहे.

तुम्ही तापाच्या साथीत गेलात तेव्हा मी सुरतेकडच्या एका लहान स्टेशनावर पार्सल क्लार्क होतो. रजेवर आल्यावर कळले. तुमच्या पत्नी भावाकडे जायला निघाल्या होत्या, पुस्तके खोक्यांत भरलेली. मला बघून म्हणाल्या, "रनाळ्याचे तुम्हीच ना? एवढं एक त्यांनी कापलं नाही. का ते मी विचारलं नाही." आणि ते पुस्तक दिले.

घरी भाजीच्या सुरीने कापले, एक कोपरा फाटला. शेवटच्या घडीत भाऊ परत येतो. म्हाताऱ्याच्याच नावेतून पलीकडे जातो, ओळख देत नाही, नावेचे पैसे देऊन चालू लागतो. तुम्ही विचारले होतेत म्हणून सांगतो, मला ते बरोबर वाटले नाही. त्याने बोलायला हवे होते.

बाकी वाचन माझ्याकडून फार झाले नाही. पार्सलांवरचे पत्ते पुष्कळ वाचले. हे पुस्तक तेवढे दर दोन-तीन वर्षांनी वाचतो. मुले लहान असताना विचारायची, याच्या कडा अशा ओबडधोबड का? मी त्यांना सांगत आलो की सरांनी मला शेजारी बसवले, ती लाकडी सुरी माझ्या हातात दिली, आणि पाने कशी कापायची ते आपल्या हाताने शिकवले. ती आता मोठी झाली आहेत आणि आपापल्या मुलांना तसेच सांगतात. मी अजून त्यांना खरे सांगितलेले नाही.