पाय कोरडे राहिले पाहिजेत

रविवार, ७ जुलै. सकाळी ११
आजपासून रोजनिशी. रोज लिहीनच असं नाही, पण खरं तेच लिहीन. वाचणारं कुणी नाही, मग खोटं कशाला.

अप्पांकडे निघालो होतो. खुब्याच्या ऑपरेशननंतर वडील ताईकडेच आहेत. आठवडाभर ती शाळेत असते, तेव्हा मावशी येऊन त्यांना सांभाळतात. रविवारी मावशींना सुट्टी. म्हणजे ताईला सुट्टी नाही. म्हणून मी आपणहून म्हणालो होतो, दर रविवार माझा. त्यांना धरून चालवायचं, जेवायला वाढायचं, गप्पा मारायच्या. तू मोकळी. ताई म्हणाली, मग मी केस कापून येईन, फार वाढलेत. माझा मलाच अभिमान वाटला होता.

पुलाच्या अलीकडे पावसाने गाठलं. रेनकोट उत्तम. हेल्मेट उत्तम. बुटांनी मात्र घात केला. मोजे पिळण्याइतके ओले. ओल्या पायांनी आजारी माणसाकडे जाणं म्हणजे सर्दी घेऊन जाणं. परत फिरलो. यात माझा काही स्वार्थ नाही.

ताईला फोन केला. 'बरं' म्हणाली. पटलं असावं. अप्पांनी फोन मागून घेतला आणि फार भिजलास का, असं विचारलं. फारच, म्हणालो.

दुपारी २
जेवून आडवा झालो. लख्ख ऊन पडलंय. पडदा ओढून घेतला.

मंगळवार, ९ जुलै
प्रश्नाच्या मुळाशी गेलं पाहिजे. मूळ म्हणजे बूट.

ऑफिसात कॅप्टनला गाठलं. तो आमच्या वॉशिंग मशीनच्या तक्रार विभागातलाच, पण सुट्ट्यांत मोटरसायकलवर डोंगर पालथे घालतो, म्हणून कॅप्टन. त्याने जेवणाची सुट्टी संपेपर्यंत समजावलं. वॉटर रेझिस्टंट वेगळं, वॉटरप्रूफ वेगळं. माझे बूट रेझिस्टंट निघाले. म्हणजे पाण्याला विरोध करतात, पण शेवटी हो म्हणतात.

संकल्प: शनिवारच्या आत वॉटरप्रूफ बूट. रविवारी अप्पा. आता सबब नाही.

शनिवार, १३ जुलै
घेतले. दुकानदाराने माझ्यादेखत बुटावर तांब्याभर पाणी ओतलं. थेंब आत गेला नाही. चामडं आणि अस्तर यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो, तो पाणी अडवतो पण घामाची वाफ सोडतो. विज्ञान कुठल्या कुठे गेलंय.

बायको म्हणाली, बसने जा की. बसमधून उतरून चालावं लागतं, हे तिला समजावलं. ती म्हणाली, मग चाल. तिला तांत्रिक बाबींत रस नाही.

घरी चाचणी घेतली. बूट घालून, पाय बादलीत सोडून बाथरूममध्ये स्टुलावर बसलो. वर्तमानपत्र वाचून झालं तरी मोजे कोरडे. बायकोला आंघोळ करून कामाला जायचं होतं, तिने बाहेरून काय म्हटलं ते पाण्याच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही.

रविवार, १४ जुलै
निघालो. मुसळधार. पूल ओलांडला. मनात म्हटलं, ये रे बाबा, किती यायचंय ते.

पुढच्या सिग्नलला पोटरीवरून काहीतरी गार खाली सरकलं. मग दुसऱ्या पायात. चामड्यातून नाही, शिवणीतून नाही, सरळ वरून. आणि बूट अस्सल वॉटरप्रूफ, त्यामुळे आत गेलेलं बाहेर येईना. दोन पायांत दोन विहिरी घेऊन उभा होतो. गाडी कडेला घेऊन बूट उपडे केले. रिक्षातली एक बाई आपल्या मुलीला माझ्याकडे बोट करून काहीतरी सांगत होती.

परत फिरलो. तिथून ताईचं घर माझ्या घरापेक्षा जवळ होतं, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

ताई पुन्हा 'बरं' म्हणाली. मागच्यापेक्षा आखूड वाटलं. पार्लरमध्ये वेळ घेतली होती, ती रद्द करते म्हणाली. आठवडाभर अप्पा पलंगावरून उठायलाच तयार नव्हते, कोणी दुसऱ्या बाजूने धरायला हवं, असंही म्हणाली. मी म्हटलं, पुढच्या रविवारी बघतोच त्यांच्याकडे.

संध्याकाळी चहा दोनदा घेतला. दोन्ही वेळा गोड लागला नाही. मन खात असलं की असं होतं. नंतर कळलं, साखर संपली होती.

मंगळवार, १६ जुलै
बूट घेऊन दुकानात. चढ्या आवाजात बोललो. दुकानदाराने शांतपणे विचारलं, रेनकोटची पँट बुटाच्या आत खोचली होती की बाहेर. आत, म्हणालो. मग पँटवरून ओघळलेलं पाणी कुठे जाणार? 'वापरात चूक,' म्हणाला, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

'वापरात चूक' हे मी रोज लोकांना लिहून पाठवतो. माझ्याकडे ते पहिल्यांदाच आलं. फार कोरडा शब्द आहे.

दुपारी एका आजींचा फोन होता, मशीनखालून पाणी येतं. काहीही न विचारता मेकॅनिक पाठवून दिला. जरा बरं वाटलं. पण ते बरं वाटणं ताईपर्यंत पोचत नाही.

शनिवार, २० जुलै
नवी लांब रेनपँट, बुटावरून खाली उतरणारी, तळव्याखाली पट्टा. शिवाय चामड्याला मेण. मेण कॅप्टनने सुचवलं. बूट रविवारपासून आतून दमटच होते, म्हणून मेण लावून बायकोच्या हेअर ड्रायरने वाळवले. नेटाने वाळवले.

उद्या नक्की. ताईला मेसेज केला: उद्या नक्की. तिने अंगठा पाठवला.

रविवार, २१ जुलै
उजव्या बुटाचा तळ सुटला. गरम हवेने डिंक वितळतो म्हणे. बूट मगरीसारखा तोंड उघडून बसला आहे. हेअर ड्रायरही गेला.

आकाश सकाळपासून निरभ्र. ताईला सांगितलं, हवामान खात्याने अतिवृष्टीचा इशारा दिलाय. हे खोटं नाही. इशारा होता. आपल्या भागाला नव्हता, एवढंच.

अप्पांनी फोन मागितला. घरीच थांब म्हणाले, अशा पावसात निघू नकोस. त्यांच्या खिडकीतूनही तेच आकाश दिसत असणार.

संध्याकाळी ताईने स्वतःचा फोटो पाठवला. केस आरशात बघून घरीच कापलेत. डावी बाजू लांब राहिली आहे. 'छान' असं लिहिलं. फोटो मोठा करून बघितला. मागे कोपऱ्यात अप्पांचा हात दिसतो, वॉकरवर. हात बारीक झालाय.

दिवसभर पाय कोरडे होते.

बुधवार, २४ जुलै
तिसरे बूट. गुडघ्याजवळपर्यंत, आतून अस्तर, वर आवळायचा पट्टा, जिभेच्या दोन्ही बाजू शिवलेल्या. बायको काही बोलली नाही. तिचं काही न बोलणं हल्ली वाढलंय. फक्त पहिले दोन जोड कुठे ठेवायचे, एवढं विचारलं, आणि ते आवाज न चढवता विचारलं.

ऑफिसात कॅप्टनला दाखवले. त्याने वाकवून, हुंगून पाहिले, पसंत केले. तू पावसात कुठले वापरतोस, असं मी त्याला विचारलं. तो पावसाळ्यात बसने येतो.

शनिवार, २७ जुलै
आता घाई नको. एकदा चुकलं, दोनदा चुकलं. यावेळी आधी रस्त्यावर चाचणी.

धो धो पाऊस बघून दुपारी बाहेर पडलो आणि आमच्याच गल्लीच्या चौकोनाला गाडीवरून फेऱ्या मारल्या. डबकी मुद्दाम शोधली. वॉचमनने दोनदा हात केला, तिसऱ्यांदा आडवा येऊन विचारलं, साहेब, घर सापडत नाही का.

घरी येऊन मोजे काढले. कोरडे. हातात घेऊन गालाला लावून पाहिले. कोरडे. आनंद सांगायला बायको घरात नव्हती.

मग गाडीचं मीटर आठवलं. खाली जाऊन किलोमीटर बघितले. तेवढ्या अंतरात ताईकडे जाऊन परत आलो असतो.

जिना चढायला वेळ लागला.

रविवार, २८ जुलै
सर्दी. ताप. पाय कोरडे राहिले, पण काल रेनकोटच्या कॉलरमधून पाणी मानेवरून पाठीत गेलं होतं. आनंदात लक्षात आलं नाही.

ताईला सांगितलं. यावेळी शंभर टक्के खरं होतं. पण खऱ्याची सवय मोडली की आवाज दगा देतो. मलाच ते खोटं वाटलं. मुद्दाम दोनदा शिंकलो, त्यातली एक खरी होती.

अप्पांनी फोन घेतला. म्हणाले, पाय भिजले असतील. हो म्हणालो. सवयीने. पाय पांघरुणात होते, चांगले उबदार.

ठरवलं: पुढच्या रविवारी आग पडो की पाणी, जायचंच. हे मागच्या पानावरही लिहिलंय, पण मागच्या वेळी मी नुसतं ठरवलं होतं. यावेळी पश्चात्ताप होऊन ठरवलंय.

रविवार, ४ ऑगस्ट. संध्याकाळी
गेलो.

सकाळपासून आभाळ फाटलं होतं. बायको म्हणाली, आजचं खरं कारण आहे, आज नाही गेलास तरी चालेल. ती टोमणा मारत होती की खरंच काळजीने म्हणाली, कळलं नाही. तेवढ्यावर मी सोफ्यावर बसलोही होतो. मग उठलो.

पुलावर समोरचं दिसत नव्हतं. बसगाडीने अंगावर अख्खी लाट घातली. पण पाय! आत उन्हाळा. ताईच्या इमारतीखाली गाडी लावली तेव्हा छाती फुगली होती. जिना चढताना काय बोलायचं ते जुळवलं. उशीर झाला, पण पूर्ण तयारीने आलो, असं काहीतरी.

ताईने दार उघडलं. मी आधी बुटाची चेन उघडून मोजा दाखवला, बघ, कोरडा ठणठणीत. तिने मोज्याकडे पाहिलंच नाही. दाराच्या आत एक स्टूल होतं, ती त्याच्याकडे बघत होती. स्टुलावर घडी घातलेला टॉवेल आणि अप्पांचे लोकरीचे मोजे.

हे काय, असं विचारलं. ती हळू आवाजात बोलली, आत ऐकू जाऊ नये म्हणून.

"तुझ्यासाठी. दर रविवारी सकाळी ते स्वतः आणून ठेवतात. तू भिजून येशील म्हणून."

डॉक्टरांनी सांगून, तिने सांगून, मावशींनी रागावून अप्पा पलंगावरून हलत नव्हते. त्या दुसऱ्या रविवारी, माझा फोन येण्याच्या आधी, टॉवेल दाराशी ठेवायचाय म्हणून वॉकर मागितला. पलंगापासून दारापर्यंत. मध्ये खुर्चीवर एकदा बसले. मी आलो नाही, तेव्हा संध्याकाळी टॉवेल परत नेऊन ठेवायला पुन्हा उठले. ताईला नेऊ देईनात. पुढच्या रविवारी मध्ये बसले नाहीत. मागच्या रविवारी मला ताप आहे हे कळल्यावर लोकरीचे मोजे शोधून काढले.

"चालायला लागले ते," ताई म्हणाली. "तू न येऊन."

मला यात माझी बाजू कुठली ते सापडेना. एरवी सापडते.

तेवढ्यात आतून वॉकरचा आवाज आला. ठक. मग सपाता घासत. पुन्हा ठक. अप्पांनी आतूनच विचारलं, आला का तो. ताई हो म्हणाली.

मी बाहेर पॅसेजमध्ये गेलो. टोकाला गच्चीवरचं पाणी पाइपातून कोसळतं. बुटाच्या वरचे पट्टे सैल केले, पँट वर ओढली आणि उजवा पाय पाइपाखाली धरला. मग डावा. वरून पाणी गेलं की बूट पटकन भरतात. काठोकाठ भरले. ताई दारात उभी राहून बघत होती. तिने हसू दाबलं की दुसरं काही, माहीत नाही. तोंड फिरवलं आणि टॉवेल नीट होता तरी पुन्हा नीट ठेवला.

अप्पा आले. शर्ट अंगावर टांगल्यासारखा. खूप वेळाने पोचले, पण कुणी धरलं नव्हतं. आधी माझ्या पायांकडे पाहिलं. मी बूट उपडे केले, ताईच्या उंबऱ्यात पाण्याचा लोट आला. त्यांचा चेहरा असा उजळला की मला वर बघवेना.

"भिजलासच," म्हणाले. "मला वाटलंच होतं."

त्यांना वाकायची मनाई आहे. वॉकर एका हाताने धरून दुसऱ्या हाताने टॉवेल दिला आणि माझ्या डोक्यावर उभे राहिले. बोटांच्या मधून पूस म्हणाले. पुसलं. टाच राहिली म्हणाले. टाच पुसली. पुसून झालं तरी मी पुसत राहिलो, मान खाली ठेवता येत होती म्हणून. मग त्यांचे मोजे घातले. एक भोक होतं, अंगठ्याशी.

बूट चांगले नाहीत का रे, असं त्यांनी विचारलं. अगदीच टाकाऊ, म्हणालो.

"असू दे," म्हणाले. "एवढ्या पावसात आलास."

ताईने छत्री घेतली, पर्स घेतली, दुपारी येते म्हणाली आणि निघून गेली. कुठे ते आम्ही विचारलं नाही. अप्पा आणि मी पॅसेजमध्ये फेऱ्या घातल्या. मी एका बाजूने धरलं होतं. त्याची गरज नव्हती, पण त्यांनी हात झटकला नाही.

येताना ताईने जुन्या रबरी चपला दिल्या. भिजतच आलो. बूट घरी आणून गॅलरीत उलटे टांगलेत, अजून ठिबकतायत. माहितीपत्रक काढून वाचलं. आतून भिजल्यास वाळायला आठवड्याहून जास्त वेळ लागतो, ऊन चालत नाही, हीटर चालत नाही.

म्हणजे पुढच्या रविवारी चपलाच.